दुपारचा प्रयोग

रात्री नऊचं नाटक दुपारी दोनला,
असं भोंगा लावलेल्या ऑटोनं चार गावं फिरून सांगितलं.
कारण सांगितलं नाही. कारण माहीत होतं.
मंगळवारी तणस आणायला गेलेली अंजनाबाई
धुऱ्यापलीकडे सापडली होती,
आणि वनरक्षक दारोदार बजावत होता:
दिवस बुडायच्या आत घरी.

झाडीत नाटक दिवसा होत नाही.
आमच्याकडे नाटक म्हणजे रात्र,
कापलेल्या धानाच्या बांदीत खणलेला खड्डा,
तणशीवर सतरंजी, पहाटे चारला तिसरा अंक,
आणि झोपलेली लेकरं खांद्यावर टाकून
दवातून घरी जाणारी माणसं.

मी लाइटवाला. वय सतरा.
बंद राइसमिलमध्ये देवाजी मास्तरांची नाट्यशाळा भरते,
तिथं मला ना सूर सापडला ना ताल, म्हणून बटणं मिळाली.
तेलाचे डबे कापून केलेले बारा दिवे,
निळा कागद, तांबडा कागद,
रेग्युलेटर ठोकलेली लाकडी पेटी.
दुपारी दोनला याचं काय करायचं?
"पेटी घेऊन बस," मास्तर म्हणाले, "बसाले काय जाते."

बसलो. वायर जोडलीच नाही.

बुधवारी तालमीत प्रश्न निघाला होता, वाघ काढायचा का.
सुगत, अकरा वर्षांचा, शेपटी मांडीवर घेऊन ऐकत होता.
मास्तर सायकल काढून अंजनाबाईच्या घरी गेले.
तासाभरानं आले, पिशवी खिळ्याला अडकवली,
पेटी उघडली, भाता हलवला.
"वाघाच्या गाण्यापासून."
तिथं काय बोलणं झालं, ते अजून कुणाला माहीत नाही.

उन्हात सगळंच दिसत होतं.
मुकुटावर वाळलेला डिंक.
राजवाड्याच्या भिंतीतून डोकावणारी
युरियाच्या पोत्यांची उलटी अक्षरं.
भाग्यश्रीच्या गालावरून ओघळणारा मुरदाडशिंग.
कापडी चंद्र, आणि चंद्रावर खरीखुरी माशी.
डोळे मिचकावत ती गात होती, रात्र झाली, रात्र झाली,
आणि खड्ड्यातून कुणीतरी ओरडलं, "कोठी झाली वं?"
हशा. तबलजीसुद्धा हसला.
मला माझ्या बारा डब्यांची लाज वाटली.

मग सुगत आला.
आमचा वाघ डरकाळी फोडत नाही.
तो गावात वाट चुकलेला आहे,
एका पोरीला जंगलाचा रस्ता विचारतो, हळू आवाजात,
आणि तिला तो सांगता येत नाही.
पहिल्या ओळीला पांढरा उतरवायचा,
निळा चढवायचा, आठ मोजत. हे माझं काम.
हातानं ते केलं.
मेलेल्या पेटीवर मी आठ मोजले.

खड्डा गप्प झाला.
चंद्र काही उजळला नाही, खोटं कशाला सांगू.
फक्त दुसऱ्या रांगेत अंजनाबाईच्या सासूनं
पदर कानांवरून ओढून घट्ट धरला,
पुसातल्या तिसऱ्या अंकाला धरतात तसा.
उन्हात. कपाळावर घाम असताना.

साडेचारला संपलं. टाळ्या कमी पडल्या,
सतरंज्या भराभरा गुंडाळल्या गेल्या.
म्हातारी तेवढी स्टेजपाशी थांबली.
सुगतची शेपटी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली.
"आवाज बेस हाय," म्हणाली,
"शेपटी लाहान झाली बाप्पा."
आणि बायकांच्या घोळक्यामागं चालू लागली, भरभर.

न पेटलेले बारा दिवे ट्रॉलीत टाकले.
ट्रॅक्टरवाला घाई करत होता.
सुगत माझ्याजवळ बसला, मिशा अर्ध्या पुसलेल्या.
"दादा, माझ्यावर निळा पडला होता का?"
"पडला," मी म्हटलं.
"जरा उशिरा पडला."
त्यानं मान हलवली, त्यालाही तसंच वाटलं होतं म्हणे.
दिवस दोन हात उरला होता.